दुकानाचे पॉइंट्स की बँकेचं कार्ड? सिंगापूरच्या तिकिटाचा खरा हिशोब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राहायला डोंबिवली, नोकरी बीकेसीत, घरखर्च महिन्याला साठ-पासष्ट हजार. मेलबर्नचा मावसभाऊ म्हणतो की तो किराणा भरता भरता विमानाचे पॉइंट्स जमवतो आणि दर दोन वर्षांनी त्याच पॉइंट्सवर मुंबईला येतो. तुमच्या मिसेसकडे मॉलमधल्या दुकानाचं मेंबरशिप कार्ड आहे, तुम्हाला बँकेचे दिवसाआड फोन येतात. दोन वर्षांनी आई-बाबा, मिसेस आणि मुलगी यांना घेऊन सिंगापूरला जायचंय. तर दुकानाचे पॉइंट्स जमवायचे, की पाच हजार फी भरून विमानाच्या माइल्सचं, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंट्सचं, क्रेडिट कार्ड घ्यायचं?

मी पार्ल्यात वीस-एक वर्षं तिकिटांचं काम करते. पॉइंट्सवर तिकीट काढून देण्यात मला दमडी सुटत नाही, पण गिऱ्हाईक समोर बसून लॅपटॉप माझ्याकडे वळवतं आणि "ताई, हे जरा बघा ना" म्हणतं. त्यातून जे शिकले ते सांगते. कोण जास्त पॉइंट्स देतं हा तुमचा प्रश्न दिसतो, पण त्याच्या आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. तुमच्या साठ हजारांतले किती रुपये पॉइंट्स मिळण्याजोगे आहेत, आणि जमलेले पॉइंट्स शेवटी विमानात चढतात का.

आधी मेलबर्नच्या भावाचं. तो थापा मारत नाहीये, पण त्याचा किराणा आणि तुमचा किराणा एका तागडीत घालता येत नाही. तिथल्या वूलवर्थ्स या सुपरमार्केटच्या एवरीडे रिवॉर्ड्स योजनेत साधारण एका डॉलरला एक पॉइंट मिळतो. २,००० पॉइंट्स झाले की एकतर बिलातून १० डॉलर कमी करून घ्यायचे, नाहीतर त्याचे क्वांटास विमान कंपनीचे १,००० पॉइंट्स करायचे. दुसरं सुपरमार्केट कोल्स, त्यांच्या फ्लायबायज्‌चंही तसंच, २,००० चे व्हर्जिन ऑस्ट्रेलिया विमान कंपनीचे १,००० व्हेलॉसिटी पॉइंट्स. म्हणजे तिथे दुकानापासून विमानापर्यंत थेट रस्ता आहे. तरीही आकडा बघा: २,००० डॉलरच्या सामानावर १० डॉलर, म्हणजे अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्यात कोणी मेलबर्नहून मुंबईला येत नाही. मधूनमधून दुकानाच्या जादा पॉइंट्सच्या ऑफर असतात हे खरं, पण त्याचं तिकीट बहुधा नवीन क्रेडिट कार्ड घेताना मिळालेल्या भल्यामोठ्या बोनसमधून निघालं असणार. किराण्याचे पॉइंट्स म्हणजे वरची कोथिंबीर. पुढच्या वेळी फोन आला की विचारून बघा.

आपल्याकडे दुकानापासून विमानापर्यंतचा तो रस्ता जवळपास नाहीच. तुमचं महिन्याचं सामान डीमार्टमधून येतं असं तुम्ही लिहिलंय. डीमार्टचं पहिलं दुकान पवईत २००२ साली निघालं, पण पॉइंट्सच्या कार्डाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. माल स्वस्त देतात, विषय संपला. शॉपर्स स्टॉप १९९१ मध्ये अंधेरीत सुरू झालं आणि त्यांची फर्स्ट सिटिझन योजना १९९४ पासूनची, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. पण तिथले पॉइंट्स मुळात तिथेच पुढच्या खरेदीला वापरायचे. पेबॅकने मध्यंतरी बऱ्याच दुकानांचे पॉइंट्स एका छत्राखाली आणले होते, तेव्हा चार पॉइंट्सचा एक रुपया व्हायचा. २०२१ मध्ये ती कंपनी भारतपेने घेतली, पुढे नावही बदललं. आता टाटा न्यू आहे: एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, आणि तो क्रोमा, बिगबास्केट, वेस्टसाइड अशा टाटांच्या ठिकाणी खर्च करायचा.

हे वाईट नाही. फक्त याला माइल्स समजू नका. ही रुपयांची कुपनं आहेत, तीही बहुतेक मुदतीची. माझ्या स्वतःच्या पर्समध्ये एका मोठ्या दुकानाचं कार्ड होतं, नाव नको. दिवाळीच्या खरेदीचे २,३०० पॉइंट्स त्यावर होते. मुलाच्या मुंजीच्या वेळी वापरू म्हणून राखून ठेवले. एप्रिलमध्ये गेले तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मॅडम, एकतीस मार्चला लॅप्स झाले. मेसेज आला असेल ना?" आला असेलही. त्या दुकानाचे दिवसाला तीन मेसेज येत होते, म्हणून मीच ते म्यूट करून ठेवलं होतं.

आता पॉइंट्स येतात कुठून, हे एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुटेल. तुम्ही दुकानात क्रेडिट कार्ड घासलंत की दुकानदाराला रकमेच्या साधारण दीड ते अडीच टक्के कापून पैसे मिळतात. त्यातला मोठा वाटा तुमच्या बँकेकडे जातो आणि त्यातूनच ती तुम्हाला पॉइंट्स देते. खात्यातून थेट जाणारं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्यावर जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे, त्यामुळे तिथे वाटायला कोणाकडे काही उरत नाही. दुकानाचे स्वतःचे पॉइंट्स मात्र दुकानदाराच्या नफ्यातून येतात. तुम्ही पुन्हा त्याच्याच दारात यावं म्हणून तो ते देतो. दोघांचा हेतूच वेगळा. बँकेला तुम्ही कुठे खर्च करता याचं सोयरसुतक नाही, तुम्ही तिचंच कार्ड घासावं एवढंच तिला हवंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. दादरला एका साडीच्या दुकानात बिल झालं ६,४०० रुपये. मी कार्ड काढलं तसा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "ताई, कार्डाला दोन टक्के वेगळे पडतील. जीपे करताय का?" दोन टक्के म्हणजे १२८ रुपये. माझ्या हातातलं कार्ड दीड टक्का परत देणारं, म्हणजे ९६ रुपये. ज्या पैशातून माझे पॉइंट्स यायचे तेच पैसे तो माझ्याकडून वसूल करणार होता, वर बत्तीस रुपये जास्त. नियमाने त्याने असं मागायला नको, पण भर गर्दीत नियम शिकवायला कोण बसतंय? मी जीपे केलं आणि त्या बदल्यात फॉल-पिको फुकट करून घेतलं. मुंबईत तुम्हाला हे रोज भेटेल: सोनार, फर्निचरवाला, क्लासवाले. वरचे टक्के मागितले की कार्ड खिशात, सरळ भावात घासाघीस करा.

आता तुमचे साठ-पासष्ट हजार. मध्य धरू, ६२,५००. तुम्ही फोड दिलेली नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकडच्या घरांची स्टेटमेंट्स बघून मी अंदाज बांधतेय. कामवाली, दूध, भाजी-मासळी, रिक्षा, मुलीचा क्लास यांचे १३,००० रोखीत किंवा साध्या यूपीआयने जातात. सोसायटीचा मेंटेनन्स ४,०००. महावितरणचं बिल, गॅस, फोन, इंटरनेट मिळून ५,५००. विम्याचे वर्षाचे हप्ते बारांत वाटले तर महिन्याला ५,०००. पेट्रोल ३,०००. झाले ३०,५००. उरले ३२,०००.

हे ३२,००० म्हणजेच तुमचं खरं भांडवल. वरच्या यादीतलं पेट्रोल, विमा, वीज, घरभाडं, सरकारी भरणा, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यांवर माइल्सची बरीच कार्डं काहीच देत नाहीत, किंवा देतात तर महिन्याची मर्यादा घालून. बँकेचा फोनवाला "शंभर रुपयाला इतके पॉइंट्स" सांगतो तेव्हा हे सांगत नाही. त्याला एकच विचारा, कोणत्या खर्चावर पॉइंट्स शून्य आहेत ती यादी मेलवर पाठवा. बहुतेक वेळा तो फोन परत येत नाही.

यातला थोडा भाग सोडवता येतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तर वाण्याकडे, औषधवाल्याकडे, डेअरीत क्यूआर स्कॅन करून क्रेडिटवर पैसे देता येतात. भाजीवालीकडे मात्र ते चालत नाही, कारण तिचा क्यूआर सहसा तिच्या मुलाच्या वैयक्तिक खात्याचा असतो आणि क्रेडिट फक्त व्यापारी क्यूआरला चालतं.

आता हिशोब. महिन्याचे ३२,०००, वर्षाचे ३,८४,०००. माइल्सच्या कार्डाचं उदाहरण म्हणून अ‍ॅक्सिसचं अ‍ॅटलस घेते, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारणा त्याची होते. फी ५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. नेहमीच्या खर्चावर १०० रुपयाला २ एज माइल्स, म्हणजे बँकेचे स्वतःचे पॉइंट्स, आणि ते बऱ्याच विमान कंपन्यांकडे पाठवले की एकाचे दोन माइल्स होतात. म्हणजे १०० रुपयाला ४ माइल्स. वर्षाचे १५,३६०. माइल्स कितीला धरायचे? मी साध्या इकॉनॉमी तिकिटाला ८० पैसे धरते. मग १२,२८८ रुपये झाले, फी वजा जाता ६,३८८.

दुसऱ्या बाजूला साधं दीड टक्का देणारं कार्ड. टाटा न्यू इन्फिनिटी बघा: टाटांच्या ब्रँडवर ५ टक्के, इतर ठिकाणी दीड टक्का, आणि वर्षाला ३ लाखांच्या वर खर्च झाला की १,४९९ ची फी माफ. सगळीकडे दीडच धरला तरी ५,७६० रुपये हातात, तेही हिशोबाला अगदी सोपे.

फरक किती? ६२८ रुपये, वर्षाचे. माटुंग्याला पाच जणांचा इडली-डोसा होईल. माइल्सच्या कार्डांवर ठरावीक खर्च गाठला की वरचा बोनस मिळतो, तो मी यात धरलेला नाही. तो मिळाला तर पारडं माइल्सकडे चांगलंच झुकेल. उलट तुमचं क्रोमा, बिगबास्केट, वेस्टसाइड जोरात असेल तर पाच टक्क्यांमुळे ते दुसरीकडे झुकेल. पण मूळ गोष्ट अशी की तुमच्या खर्चाला यात जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. महिन्याला लाख-दीड लाख कार्डावर जाणारे, किंवा ऑफिसच्या दौऱ्यांची तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढून नंतर पैसे परत घेणारे, यांची गोष्ट वेगळी. अ‍ॅटलसवर विमान कंपनीच्या साइटवरून काढलेल्या तिकिटाला १०० ला ५ एज माइल्स आहेत, म्हणजे दहा माइल्स. तुमचे असे दौरे असतील तर मी आत्ता लिहिलेलं अर्धं गणित फाडून टाका आणि मला सांगा.

८० पैसे कुठून आणले? कोणत्याही तिकिटाला हे असं काढायचं: रोखीचं भाडं, त्यातून पॉइंट्सवर काढूनही भरावे लागणारे कर वजा, भागिले लागणारे माइल्स. समजा जाऊन-येऊन भाडं २४,००० आहे, पॉइंट्सवर काढलं तरी ६,००० कर-शुल्क भरावंच लागतं, आणि २२,५०० माइल्स लागतात. १८,००० भागिले २२,५००, आले ८० पैसे. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या तारखेचे तुम्ही घाला. हेच माइल्स बिझनेस क्लासला लावले तर दीड-दोन रुपये पडू शकतात, आणि बँकेच्या कॅटलॉगमधला टोस्टर घेतला तर पंचवीस पैसे. टोस्टर घेऊ नका. लोक घेतात म्हणून सांगतेय.

आणि इथे तुमच्या बेताला मोठा खड्डा आहे. पाच जणांना २२,५०० प्रमाणे १,१२,५०० माइल्स लागतील. वर्षाला १५,३६० जमले तर सात वर्षांहून जास्त. दोन वर्षांत होतील ३०,७२०. म्हणजे एक तिकीट आणि थोडे वर. हे ऐकून गिऱ्हाइकं हिरमुसतात, पण आत्ता हिरमुसलेलं बरं. मी असते तर बेत असा बदलला असता: एक तिकीट माइल्सचं, बोनस धरून नशिबाने दोन, बाकीची रोखीने, सेलमध्ये लवकर काढलेली. आई-बाबांचं तिकीट "पॉइंट्सवर" काढून दिल्याचं समाधान हवं असेल तर तेवढं नक्की जमेल.

आतापर्यंतचं थोडक्यात: दुकानाचे पॉइंट्स तुम्हाला विमानात बसवणार नाहीत, कार्डाचे बसवतील पण एका-दोघांना, आणि तुमच्या खर्चाला माइल्स आणि साधी कॅशबॅक जवळपास सारखीच.

मग दुकानाचं कार्ड फेकून द्यायचं? अजिबात नाही. तुम्ही "हे की ते" असं विचारलंय, पण काउंटरवर दोन्ही एकाच बिलावर मिळतात. मोबाइल नंबर सांगायचा, दुकानाचे पॉइंट्स त्या नंबरवर. पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे, बँकेचे पॉइंट्स कार्डावर. तिसरा थर हवा असेल तर आधी बँकेच्या पोर्टलवरून त्याच दुकानाचं गिफ्ट व्हाउचर घ्या. एचडीएफसीच्या स्मार्टबायवरून घेतलेल्या व्हाउचरवर त्यांच्या वरच्या कार्डांना काही पट पॉइंट्स मिळतात, फक्त महिन्याची मर्यादा असते. मग दुकानात नंबर सांगून व्हाउचरने बिल भरा. लग्नाच्या खरेदीला मी हे हमखास करायला लावते. रोजच्या पाचशे रुपयांना मात्र हा उद्योग करू नका; डोंबिवली लोकलमधून उतरल्यावर एवढी शक्ती कोणाच्या अंगात असते? तुमच्या मिसेसचं दुकानाचं कार्ड चालू ठेवा, त्याची मुदत कॅलेंडरवर लिहा, आणि वर्षातून एकदा त्या दुकानातून चादरी-टॉवेल आणून ते शून्यावर आणा.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा, ती म्हणजे खर्च चार कार्डांत वाटणं. एका गृहस्थांनी मला मोठ्या अभिमानाने सहा कार्डं दाखवली होती. प्रत्येकावर दोन-तीन हजार पॉइंट्स, एकावरही तिकीट निघेना. तुमच्या नावाचं एक मुख्य कार्ड, त्यावरच मिसेससाठी अ‍ॅड-ऑन, म्हणजे त्याच खात्याचं जोडकार्ड. दोघांचे पॉइंट्स एका जागी पडतात. विमान कंपनीच्या खात्यातून घरच्यांची तिकिटं काढता येतातच. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या योजनेत पाच जणांची नावं नॉमिनी म्हणून टाकता येतात, तुमच्या घराला पुरतात.

सीटांचं थोडं सविस्तर सांगते, कारण लोक इथेच आपटतात. माइल्स असणं आणि सीट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. विमानात जागा रिकामी असली तरी माइल्सवर द्यायच्या सीटा मोजक्या असतात. क्रिसफ्लायरवर साधारण ३५५ दिवस आधी बुकिंग उघडतं, म्हणजे पुढच्या दिवाळीची सीट या दिवाळीनंतर लगेच शोधायची. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कमी माइल्सवाल्या पाच सीटा एका विमानात मिळणं मी तरी क्वचितच पाहिलंय. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर किंवा जानेवारीच्या शेवटी मिळतात. मुलगी अजून लहान वर्गात असेल तर चार दिवस शाळा बुडवा, हा माझा आगाऊ सल्ला. सिंगापूरला मुंबईहून सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया, इंडिगो तिन्ही जातात. त्यामुळे दोन तिकिटं माइल्सची आणि तीन रोखीची काढायची तर त्याच विमानाची काढा, नाहीतर आई-बाबा एका टर्मिनलवर आणि तुम्ही दुसऱ्यावर असं व्हायचं.

सीट डोळ्यांनी दिसेपर्यंत बँकेतले पॉइंट्स विमान कंपनीकडे पाठवू नका. एकदा गेलेले परत येत नाहीत, आणि तिकडे गेले की मुदत सुरू होते. क्रिसफ्लायरची ३६ महिने आहे. पण पाठवायला काही ठिकाणी मिनिटं लागतात, काही ठिकाणी दिवस, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. म्हणून मी गिऱ्हाइकांना आधी थोडे पॉइंट्स पाठवून रस्ता तपासायला सांगते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका बँकेच्या कार्डावर माझं माहेरचं नाव होतं, पासपोर्टवर सासरचं. परदेशी विमान कंपनीचं खातं अर्थातच पासपोर्टप्रमाणे उघडलेलं. चाळीस हजार पॉइंट्स पाठवले, बँकेतून वजा झाले, तिकडे जमा होईनात. बँक म्हणते आम्ही पाठवले, विमान कंपनी म्हणते नाव जुळत नाही. तीन आठवडे मेल, मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी, गॅझेटची कॉपी. तोवर हेरून ठेवलेली सीट गेली. आपल्याकडे मधल्या नावाचा घोळ तर घरोघरी असतो: आधारवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, कार्डावर फक्त आद्याक्षर.

जमवून ठेवण्याबद्दलही. माइल्स म्हणजे मुदत ठेव नव्हे, पडून राहिले की वाढत नाहीत, आक्रसतात. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची पॉइंट्सची योजना वेगळ्या कंपनीची असल्याने पुढे इंटरमाइल्स नावाने चालू राहिली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले ती विमानंच उरली नव्हती. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंट्सचे चार माइल्स व्हायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून पाचाचे दोन झाले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट्स तिकडे गेले. त्या योजनेचं नाव आता महाराजा क्लब आहे. इंडिगोने तर ब्लूचिप ही स्वतःची योजना २०२४ मध्येच काढली. पाच वर्षांत एवढी उलथापालथ, म्हणून मी वर सात वर्षांचा हिशोब ऐकूनच नको म्हटलं. दोन वर्षांत जमवा, दोन वर्षांत उडवा. मी लिहिलेले दरही तुम्ही अर्ज कराल तेव्हा बँकेच्या साइटवर एकदा पडताळा, आणि ते कार्ड नव्याने देताहेत का तेही बघा.

व्याजाचं एकदाच सांगते. समजा एका महिन्यात ४०,००० ची बाकी तुम्ही पुढे ढकललीत. महिन्याला ३.६ टक्के धरले तर १,४४० रुपये व्याज, त्यावर जीएसटी, झाले १,६९९. त्या ४०,००० वर माइल्स मिळाले १,६००, म्हणजे १,२८० रुपयांचे. वर नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात. बिल दर महिन्याला पूर्ण जाईल अशी ऑटो-डेबिटची सोय करणार नसाल तर हा सगळा विषयच सोडून द्या आणि डीमार्टच्या स्वस्ताईत समाधान माना.

सिंगापुरात गेल्यावरचंही लक्षात असू द्या. तिथे कार्ड घासलंत की बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. शंभर रुपयांमागे ४.१३ रुपये घालवून चार माइल्स, म्हणजे ३.२० रुपयांचे, घेण्यात अर्थ नाही. कमी मार्कअपचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड सोबत ठेवा.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? आधी तीन महिन्यांची स्टेटमेंट्स काढून तो ३२,००० चा आकडा खरा किती आहे ते पाहिलं असतं. पंचवीसच्या आत आला तर फीचं कार्ड घेतलंच नसतं. बिनफीचं कॅशबॅक कार्ड, आणि येणारे पैसे सिंगापूरच्या नावाने वेगळ्या आरडीत. चाळीसच्या वर गेला, किंवा मुलीची फी, फ्रिज, लॅपटॉप असा काही मोठा खर्च या वर्षात येणार असेल, तर माइल्सचं एक कार्ड, अ‍ॅड-ऑनसह, आणि तो मोठा खर्च बोनसची पायरी गाठेल अशा बेताने त्याच वर्षात. मधे कुठेतरी आला तर दोन्ही चालतं. तेव्हा मिसेसना विचारा, कारण पॉइंट्सचा हिशोब घरात जो ठेवतो त्याला आवडेल तेच कार्ड टिकतं.

अर्ज करायच्या आधी मात्र सगळ्यांचे पासपोर्ट, तुमचं पॅन आणि बँकेतलं नाव टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. आई-बाबांच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक आहे ना, तेही त्याच बैठकीत बघून टाका. स्टेटमेंट्सचे आकडे कळवलेत तर पुढचं गणित मांडून देते.